नसेला किती ताण पुरे

नोव्हेंबरातला शनिवार, दुपार. नाशिक, मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलातली दुसऱ्या मजल्यावरची खोली. हजर: हाडांचे डॉक्टर, सिस्टर, माझे यजमान दिलीप, मुलगी पल्लवी आणि मी. माझा उजवा हात हजर होता की गैरहजर, हे तेव्हा ठरवता आलं नाही.

अशी सुरुवात करायची मला सवय आहे. अंबडच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात मी क्वालिटी विभाग सांभाळते. मीटिंग झाली की कोण हजर होतं आणि काय ठरलं, ते लिहून काढणं माझ्याकडे असतं. गेले काही महिने माझ्या हाताबद्दल खूप मीटिंगा झाल्या. ठरलं फार थोडं. तरी लिहिते आहे, कारण ज्यांचं मनगट असं अचानक लोंबकळायला लागेल त्यांना कुणीतरी आधी जाऊन आलेलं माणूस भेटावं. मला भेटलं नव्हतं.

"उचललंय की"

आदल्या संध्याकाळी कामावरून येताना स्कूटर घसरून मी पडले आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. रात्रीच ऑपरेशन करून प्लेट बसवली. मला वाटलं होतं, हाड मोडलं, हाड जोडलं, विषय संपला. शनिवारी दुपारी डॉक्टर आले आणि म्हणाले, "मंगलाताई, मनगट वर उचला बघू."

मी उचललं.

"उचला," ते पुन्हा म्हणाले.

"उचललंय की."

दिलीप फरशीकडे बघत होते. मी मान वळवून हाताकडे पाहिलं. तो उशीवर जसाच्या तसा पडला होता, मनगटातून खाली वाकलेला, धुतलेला टॉवेल वाळत घालायचा राहून जावा तसा. मी हुकूम दिला होता. आतून मला तो दिल्यासारखा वाटलाही होता. पण तो पोचलाच नव्हता.

"हाड जोडायला आत गेलो तेव्हा दिसलं," डॉक्टर म्हणाले. "हाडाला लगटून एक नस जाते, मनगट आणि बोटं वर उचलणारी. हाडाच्या टोकाने ती फाटली आहे. काल आम्ही ती जोडली नाही."

"अर्धं काम करून का ठेवलं?" मी विचारलं. कारखान्यात हाच प्रश्न मी रोज कुणाला तरी विचारते.

"कुठपर्यंत खराब झाली आहे ते लगेच कळत नाही. काही आठवडे जाऊ द्यायचे, मग खराब भाग कापून जोडायचं. ते हाताचे डॉक्टर करतील."

पल्लवीने विचारलं, "मग आईचा हात पूर्वीसारखा होईल?"

"होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले.

त्या "शकतो"ला पकडायला मला कुठेच जागा सापडेना. आमच्याकडे माल एकतर पास असतो नाहीतर रिजेक्ट.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो. झोप लागते न लागते तोच कुणीतरी काखेत थर्मामीटर ठेवतं. मग फरशी पुसणारी, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड आणि मग काहीच नाही. ते "काहीच नाही" मला सोसवेना. मी सलाइनची बाटली कधी संपेल याचा अंदाज बांधून सिस्टरना सांगायला लागले. त्या हसून म्हणाल्या, "ताई, तुम्ही आमची ड्यूटी लावायला सुरुवात करू नका."

एका हाताने काय काय होत नाही याची मला कल्पना नव्हती. टूथपेस्टचं झाकण, ब्लाउजचे हुक, केळं सोलणं. वॉर्डातल्या एक आया, कमलमावशी, रोज सकाळी न सांगता यायच्या आणि माझी वेणी घालून जायच्या. पैसे द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या ओ ताई, माझी लेक सासरी गेली, वेणी घालायला डोकंच नाय घरात." त्या दिवसांतली ती एक गोष्ट मला पूर्ण समजली. बाकी सगळं अर्धवट.

सगळ्यात विचित्र होता तो हाताच्या पाठीवरचा तुकडा, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला. तिथे हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या हाताला लावल्यासारखं वाटायचं. मी पेनाच्या टोकाने त्याची हद्द आखून घेतली. डॉक्टरांनी बघून विचारलं, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "बरोबर काढलंय." एवढंच. त्या तुकड्याची मी पुढे आणखी काळजी घ्यायला हवी होती, पण ते नंतर.

तन्वी

काही आठवड्यांनी हाताच्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन ठरवलं. फाटलेल्या नसेच्या दोन्ही टोकांचा खराब भाग कापायचा, मधे जी जागा उरेल तिथे पायाच्या पोटरीतली एक कमी कामाची नस घेऊन बसवायची.

"सरळ ओढून टोकाला टोक का नाही जोडत?" मी विचारलं.

"ओढून जोडली की टाक्यावर ताण येतो. ताण आला की नस वाढत नाही. ताण नको, हा आमचा पहिला नियम."

मी तो नियम लक्षात ठेवला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांबरोबर एक मुलगी आली. पल्लवीहून थोडी मोठी, पाठीला सॅक. नाव तन्वी. इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती संशोधन करते. ती म्हणाली, "काकू, नसेच्या पेशींना हळूहळू ओढलं, ताण दिला, तर त्या जास्त वाढतात का, यावर आमचं काम चाललंय. उद्या जो खराब तुकडा कापून टाकतील तो आम्हाला अभ्यासाला द्याल का? याचा तुम्हाला स्वतःला काही फायदा होणार नाही, हे मी आधीच सांगते."

मला फक्त "ओढलं तर वाढतात" एवढं ऐकू आलं. डाव्या हाताने मी सही केली. ती सही बँकेने कधीच मान्य केली नसती.

तन्वी गेल्यावर पल्लवी म्हणाली, "आई, त्या म्हणाल्या तुला फायदा नाही."

"त्यांना असं म्हणावंच लागतं."

"असं काही नसतं."

"तू बघच. माझा तुकडा त्यांच्याकडे असेल, तर आधी माझाच विचार करतील ना?"

दिलीप म्हणाले, "पण डॉक्टर तर म्हणाले, ताण नको."

एक माणूस सांगतो ताण आला की नस वाढत नाही, दुसरं सांगतं ताण दिला की वाढते. दोघंही शिकलेले, दोघं एकाच दारातून आत आलेले. तेव्हाच दोघांना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं. आपल्याला ते सुचत नाही. आपण ज्याचं बोलणं आवडलं ते धरून बसतो.

घरी

दिलीप एसटीत क्लार्क आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साडीच्या निऱ्या किती घालतात हे त्यांना पहिल्यांदा आता कळलं. मी सूचना द्यायची, ते करायचे, मी चूक काढायची. भाजी अशी चिरा, डबा तिथे ठेवा, गॅसचा कॉक आधी बंद करा. एकदा त्यांनी सुरी ओट्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "मंगल, मी तुझ्या कंपनीत कामाला नाही."

मी म्हटलं, "असता तर प्रोबेशनवरच असता."

ते हसले नाहीत. बाहेर जाऊन बाल्कनीत उभे राहिले. मला वाटलं चिडले. पल्लवी जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा रडतायत." माझ्या हातातून चमचा पडला, पण तसा तो दिवसातून बरेचदा पडायचाच.

संध्याकाळी आम्ही घरी बुद्धवंदना घेतो. हात जोडायचे म्हणजे दोन्ही तळवे एकमेकांवर उभे राहायला हवेत. माझा उजवा वाकून पडायचा. मग डाव्या हाताने त्याला खालून ढकलून उभा धरायचा आणि तसंच म्हणायचं. पल्लवी एक दिवस माझ्या शेजारी बसली आणि न बोलता तिने माझा उजवा तळवा आपल्या तळव्याने टेकवून धरला. तेव्हापासून आम्हा दोघींचे मिळून हात जोडले जात.

मिलिमीटर

शेख मॅडम या माझ्या फिजिओथेरपिस्ट. कमी बोलतात, कामाला पक्क्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की जोडलेली नस वरून खाली वाढत येते, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. मिलिमीटर माझा प्रांत. मी दंडावरच्या टाक्यापासून कोपराजवळच्या स्नायूपर्यंत टेप लावला, भागाकार केला आणि विचारलं, "म्हणजे एप्रिलच्या सुमारास मनगट उचलेल?"

"नस कॅलेंडर बघत नाही, ताई," त्या म्हणाल्या.

त्यांची तपासायची पद्धत अशी: दंडावरून बोटाने हळूहळू खाली टकटक करत यायचं. जिथे नसेचं वाढतं टोक असेल तिथे टकटक केली की हातात झिणझिण्या उठतात. आधी त्या टाक्याजवळच उठायच्या. मग थोड्या खाली. मग आणखी थोड्या. प्रत्येक वेळी मला इतका आनंद व्हायचा की घरी येऊन मी सगळ्यांना टकटक करून दाखवायचे. दिलीप घाबरत एका बोटाने टिचकी मारायचे. "अजून जोरात." "दुखेल." "दुखायलाच हवंय."

आणि मग झिणझिण्या पुढे सरकायच्या थांबल्या. एक आठवडा, दोन आठवडे, पुढेही त्याच जागी. शेख मॅडम म्हणाल्या, "होतं असं, थांबते, परत निघते." मी विचारलं, "आणि नाही निघाली तर?" त्या टेबल पुसत राहिल्या.

भास्करभाऊंची स्प्रिंग

माझ्या हाताला एक स्प्लिंट होतं. मनगटाखाली प्लास्टिकचा आधार, वर वाकवलेली तार, त्या तारेला रबरबँड लावून प्रत्येक बोट आणि अंगठा वर धरलेला. बोट वाकवता यायचं, सोडलं की रबर परत वर आणायचं.

कारखान्यातले टूलरूमचे भास्करभाऊ एका रविवारी भेटायला आले. सिन्नरकडचे, हातात द्राक्षांची पिशवी. दारातूनच "जय भीम, मॅडम" म्हणाले आणि बसल्या बसल्या त्यांची नजर स्प्लिंटवर गेली.

"हे रबर कुणी लावलं?"

"फिजिओ मॅडमनी."

"रबराचा काय भरवसा, मॅडम? आज एक खेच, उद्या दुसरी. हितं आपण कशाला बसलोय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. नस थांबली आहे, तन्वी म्हणते ओढ दिली की वाढते. भास्करभाऊ बराच वेळ रबराला बोटाने ताणून बघत राहिले. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. छोट्या डबीत बारीक स्टीलच्या तारेच्या पाच स्प्रिंगा, तेल पुसून चकचकीत. प्रत्येकीला पास झालेल्या मालाची हिरवी चिठ्ठीही लावली होती.

"लय जोर नाय लावला," ते म्हणाले. "पण रबरापेक्षा जरा जास्त ठेवलाय. नस वाढायला ओढ पाहिजे ना?"

इतकं सुंदर काम बघून मला भरून आलं. आम्ही दोघांनी मिळून रबर काढले आणि स्प्रिंगा लावल्या. पाचही बोटं कशी उभी राहिली, जणू वर्गात सगळ्यांना उत्तर येतंय. दिलीप म्हणाले, "शेख मॅडमना विचारायला नको?" भास्करभाऊ म्हणाले, "साहेब, स्प्रिंगमध्ये आपल्या मॅडमपेक्षा कुणाला जास्त कळतं नाशकात?" मलाही ते तेव्हा खरंच वाटलं.

काही दिवसांनी आंघोळीच्या वेळी दिलीपनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हे लाल काय आहे?"

अंगठ्याच्या मुळाशी, मी पेनाने आखलेल्या त्या मुक्या तुकड्याच्या कडेला, अंगठ्यात अडकवलेला पट्टा रुतून कातडी फाटली होती. आत ओलं दिसत होतं. मला काहीही कळलं नव्हतं. दुखलंच नव्हतं. ज्या जागेला दुखणं सांगता येत नाही, ती जागा आपण डोळ्यांनी बघायची असते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावं. रोज बघा. दुसऱ्याला बघायला सांगा.

शेख मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी माझ्या दंडावर बोट ठेवलं. "नस इथे आहे." मग अंगठ्यावर. "तुम्ही ओढताय इथे. बोट ताणून दंडातली नस वाढत नाही, ताई. रबर मऊ असतं ते मुद्दाम, बोटाला त्याच्याविरुद्ध वाकता यावं म्हणून आणि कातडी सांभाळावी म्हणून."

"पण ओढ दिली की वाढते असं..."

"कुणाची? कुठे? किती?"

घरी येऊन ते तिन्ही प्रश्न मी डाव्या हाताने लिहून ठेवले.

जखम भरेपर्यंत स्प्लिंट बंद. तेवढ्यात बोटं आखडली. भास्करभाऊ कळल्यावर आले, डबी परत मागितली, मी दिली नाही. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या हातनं झालं." मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही ठरवलेल्या मापाने बरोबरच केलं होतं. खरं माप कुणाला माहीत होतं?" ते चहा न पिता गेले. तसे ते कधी जात नाहीत.

काचेच्या बशीत

मग मी तन्वीला फोन केला आणि म्हटलं, मला बघायचं आहे. ती "या की काकू" म्हणाली. पल्लवी बरोबर आली.

प्रयोगशाळा म्हणजे एक छोटी खोली, एसीचा गारवा, टेबलावर पारदर्शक झाकणाचं एक यंत्र. त्यात एका बशीत पातळ, रबरासारखा पडदा. त्या पडद्यावर पेशी वाढवलेल्या. पडद्याची एक कड मोटर ओढते.

"मोटर कधी चालू करणार?" मी विचारलं.

"चालूच आहे."

"हलत तर काही नाही."

"इतक्या हळू ओढावं लागतं की दिसत नाही. जोरात ओढलं की तुटतात."

तिने सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पुसट, जवळजवळ नसलेले धागे, एकाच दिशेला लांब गेलेले.

"हे माझे?"

"नाही काकू. उंदराच्या पिल्लाचे."

"मग माझा तुकडा?"

"तो जिवंत राहत नाही. त्याचे पातळ काप करून तो किती कडक झाला आहे ते मोजतो. जखमेच्या वणाचा भाग कडक असतो, आणि कडक जागेत नवे धागे कसे वाढतात ते आम्हाला शोधायचं आहे."

म्हणजे माझ्या एका भागाचं लोड टेस्टिंग झालं होतं. आयुष्यभर मी हेच करत आले आहे.

"मग रिपोर्ट?"

"तुमचं नाव त्यावर नसतं, काकू. फक्त नंबर. कुठला कुणाचा, हे मलाही माहीत नाही. मुद्दाम तसं ठेवतात."

"म्हणजे माझं सॅम्पल पास की रिजेक्ट, मला कधीच कळणार नाही?"

"पास-रिजेक्ट असं नसतंच ते."

मी माझे प्रश्न काढले. नसेला किती ताण द्यायचा? बशीत थोडा, माणसात माहीत नाही. किती वेळ? माहीत नाही. मग डॉक्टर ताण नको म्हणतात ते चूक? "नाही, तेही बरोबर. टाक्यावर एकदम ताण आला तर नस खराबच होते. पण मूल वाढतं तेव्हा त्याच्या नसा हाडांबरोबर ओढल्या जाऊनच लांब होतात. तो ताण कसा असतो, तो जखमी नसेला बाहेरून कसा द्यायचा, हे अजून कुणाला नीट जमलेलं नाही. परदेशात कुणी लोहचुंबकाने ओढून बघतंय, कुणी असं पडद्यावर. मी पण त्यातलीच एक."

"तुला काय वाटतं?"

"मला रोज वेगळं वाटतं," तन्वी म्हणाली आणि एकदम थकलेली दिसली. तिच्या टेबलावर डबा तसाच बंद होता. दुपारचे चार वाजून गेले होते. पल्लवीने तिला आधी जेवायला लावलं.

परतताना पल्लवी म्हणाली, "कळलं का आता, तुला फायदा नाही ते?"

"कळलं."

"मग वाईट वाटतंय?"

काहीतरी मागून घेतल्यासारखं आणि काहीतरी देऊन टाकल्यासारखं, दोन्ही.

दोरी बदलायची की वाट बघायची

गेल्या आठवड्यात हाताच्या डॉक्टरांकडे बैठक झाली. नस आणि स्नायूंच्या विजेच्या तपासणीचा रिपोर्ट समोर होता.

"एक-दोन ठिकाणी काहीतरी दिसतंय," ते म्हणाले.

"म्हणजे आली नस?"

"म्हणजे काहीतरी आलं. कामाइतकं येईल का, सांगता येत नाही."

मग त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. मनगट खाली वाकवणाऱ्या चांगल्या स्नायूंपैकी एकाची दोरी, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारा कंडरा, तिथून काढून मागच्या बाजूला लावायची, की ती मनगट वर धरेल. यात नसेची गरजच नाही. बऱ्याच जणांना उपयोग होतो. पूर्वीसारखा हात नाही होत, पण मूठ आवळता येते. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. मनगट लोंबत असेल तर बोटांत जोर येत नाही, माप घ्यायचा साधा व्हर्नियरही धरता येत नाही. कारखान्यात माझी जागा आतापर्यंत सांभाळली आहे. त्यांनी घाई केलेली नाही, पण वाट किती दिवस बघणार, हे विचारायला त्यांनाही हक्क आहे.

"दोरी बदलली आणि नंतर नस आली तर?" दिलीपनी विचारलं.

"तर एक चांगली दोरी उगाच हलवली असं होईल."

"आणि वाट बघितली आणि नाही आली तर?"

"तर दोरी तेव्हाही बदलता येते. पण तोवर बोटं आणखी आखडतील, आणि तेवढे महिने हात तसाच राहील." डॉक्टरांनी एक तारीख राखून ठेवली. "सोमवारी कळवा, ठेवायची की सोडायची."

त्यानंतर घरात रोज एकच काम. मी डोळे मिटून मनगट उचलायचा प्रयत्न करते आणि घरातलं कुणीतरी कोपराखालच्या स्नायूवर बोट ठेवून बघतं.

"हललं," दिलीप म्हणतात.

"मला नाही वाटलं," पल्लवी म्हणते.

"तू नीट धरलं नाहीस."

"बाबा, तुम्ही आशेने म्हणताय."

"आशेने नाही, बोटाने म्हणतोय."

काल दोघांचं यावरून चांगलंच वाजलं. पल्लवी म्हणाली, खोटी आशा दाखवून आईचे महिने घालवू नका. दिलीप म्हणाले, तुला काय, दोरी कापणं सोपं वाटतंय. मी मधे बसून स्वतःच्याच हाताकडे बघत होते. बैठकीत ज्याचा विषय आहे त्यालाच काही विचारत नाहीत तसं.

आज रविवार असूनही सकाळी शेख मॅडमकडे गेले. त्यांनी स्नायूवर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. "उचला." मी उचललं, म्हणजे हुकूम दिला. "पुन्हा." पुन्हा दिला. "आता जोर लावू नका, फक्त विचार करा." मी विचार केला.

त्यांनी बोटं जरा खाली सरकवून पुन्हा टेकवली.

"मॅडम, आहे की नाही?"

"मला वाटतंय आहे," त्या म्हणाल्या. "मुंगी पाय हलवते तेवढं. पण माझ्या वाटण्यावर ऑपरेशन सोडू नका. आणि ठेवूही नका."

"मग कशावर ठरवू?"

त्यांनी माझा हात हलकेच माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ते मला आलं असतं तर मी इथे टकटक करत बसले असते का?"

आम्ही दोघी हसलो. मग मी रिक्षात बसले आणि घरापर्यंत हसू आणि रडू यातलं नक्की कुठलं चाललंय ते समजत नव्हतं.

तुम्ही यातून जात असाल तर माझ्याकडे द्यायला उत्तर नाही, थोडी माहिती आहे. सही करण्याआधी विचारा की हे तुमच्यासाठी आहे की पुढच्या कुणासाठी. दोन्हीला हो म्हणता येतं, पण कुठलं ते माहीत असलेलं बरं. घरातल्यांनी केलेलं काम दुरुस्त करू नका, निदान रोज नको. जिथे कळत नाही तिथे डोळे ठेवा.

उद्या सोमवार. पल्लवीने फोनमध्ये हॉस्पिटलचा नंबर काढून ठेवला आहे. दिलीप सकाळी ड्यूटीवर उशिरा जाणार आहेत, म्हणजे फोनच्या वेळी ते घरात असतील. पहिलं वाक्य मी ठरवलं आहे: "नमस्कार, मी मंगला बोलतेय, तारखेबद्दल." त्याच्या पुढचं वाक्य ठरवायचं राहिलं आहे.